विचारलं म्हणून सांगितलं

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या नव्या इमारतींत भाड्याने राहणाऱ्यांना एक गोष्ट पाठ असते. अकरा महिने कसे सरले ते कळत नाही आणि बारावा उजाडायच्या आत मालकाचा फोन येतो, "यंदा जरा वाढवावं लागेल हं, आजूबाजूचे दर बघताय ना!" दर सगळेच बघतात. भिंत मात्र कोणी बघत नाही.

द्वारकाच्या घरात ती भिंत झोपायच्या खोलीत होती. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपून तिच्यावर काळी बुरशी धरली होती आणि आठ वर्षांच्या लेकीचा खोकला काही केल्या हटत नव्हता. घरमालक विश्वजीत याच सोसायटीत राहायचा. दोन वर्षांत त्याला किती वेळा सांगितलं, त्याची गणती नव्हती. "बघतो वहिनी," एवढंच उत्तर यायचं.

द्वारका मूळची वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीची. नवरा योगेश हडपसरच्या कारखान्यात लागला, तेव्हापासून पुणं हेच त्यांचं गाव. या परक्या गावात तिला जिवाभावाची एकच मैत्रीण मिळाली होती, समोरच्या फ्लॅटमधली राजनंदिनी. राजनंदिनीचं घर स्वतःचं होतं, शिवाय ती सोसायटीची सेक्रेटरी. पण दोघींच्या मुली एकाच वर्गात शिकायच्या, आणि द्वारकाने बेसनाचे गोळे घालून वऱ्हाडी गोळाभात केला की पहिलं ताट समोरच्या दारात जायचं.

एके दिवशी राजनंदिनी छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आली.

"भाडेकरू आपल्याकडे टिकत का नाहीत, याची कमिटी पाहणी करतेय. हा फॉर्म भर. आणि अगं, मोकळेपणाने लिही. नाव कुठेही जाणार नाही, माझा शब्द!"

फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, 'आपण येथे समाधानी आहात का?' द्वारका बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिने 'नाही'वर खूण केली आणि मग पेन थांबेना. भिंतीचं लिहिलं, लेकीच्या खोकल्याचं लिहिलं, भाडेकरूंच्या मुलांना बागेतून हुसकावतात तेही लिहिलं. शेवटी तिने एक वाक्य टाकलं, 'आमच्या घराच्या भिंतींना भरपूर ओलावा आहे, मालकांना मात्र नाही.' स्वतःच्याच वाक्यावर ती हसली. कागदाची घडी करून तिने तो राजनंदिनीच्या हातात दिला.

दहा दिवसांनी विश्वजीत दारात उभा राहिला.

"वहिनी, पुढच्या महिन्यात करार संपतोय. पुन्हा करायचा नाही. माझ्या बहिणीला घर लागणार आहे."

"पण दादा, मुलीची शाळा... वर्षाच्या मधेच?"

"तुम्हाला काय, कुठेही घर मिळेल." तो जिना उतरायला वळला आणि ओठ वाकडा करून म्हणाला, "एखादा ओलावा असलेला मालक शोधा. लिहिता मात्र झकास हं तुम्ही!"

ते वाक्य द्वारकाने योगेशलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते फक्त एका कागदावर होतं, आणि तो कागद एकाच हातात दिला होता!

ती तशीच समोरच्या दारात गेली. राजनंदिनीने दार उघडलं, पण तिची नजर वर होईना.

"माझा फॉर्म विश्वजीतदादांनी कसा वाचला?"

"अगं, त्यांनी मागितला. मला वाटलं, वाचून तरी भिंत दुरुस्त करतील."

"आणि नाव? नाव तर मी लिहिलंच नव्हतं."

राजनंदिनी हळूच म्हणाली, "मालकांचा ग्रुप आहे ना, त्यावर सगळे विचारत होते, कोणी लिहिलंय. मी नाही सांगितलं असतं तर म्हणाले असते, सेक्रेटरी असून भाडेकरूंची बाजू घेते. माझाही एक फ्लॅट भाड्यानेच आहे गं."

म्हणजे एका मालकाला नव्हे, सगळ्यांना कळलं होतं! द्वारका आपल्या घरात परतली. त्याचा अर्थ पुढच्या आठवड्यात नीट उमगला. सोसायटीतली तीन घरं रिकामी होती. तिन्ही मालक तिचं नाव ऐकताच म्हणाले, "कालच दिलं."

त्या संध्याकाळी योगेश वैतागला. "कोणं सांगतलं होतं तुले लिहाले? गुमान राहिलो असतो तं घर तरी राहिलं असतं!"

द्वारका पोळ्या लाटत राहिली. घर जाणार याचं दुःख होतंच. पण जिच्या ताटात आपण पहिला घास वाढला, तिने आपल्याला काळ्या यादीत टाकावं, हे काही केल्या गिळवत नव्हतं. आपण खरं बोललो हाच गुन्हा झाला होता का?

दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगपाशी तिला विश्वजीतची आई, आनंदीबाई भेटल्या. ही इमारत उभी आहे ती जमीन त्यांचीच. तिच्या बदल्यात बिल्डरने फ्लॅट दिले, आणि द्वारका राहायची तो आनंदीबाईंच्या नावावर होता; भाड्याचा व्यवहार तेवढा विश्वजीत बघायचा.

"काय गं पोरी, तोंड का उतरलंय?"

"काही नाही आजी. तुमच्या लेकीला घर लागणार ना, म्हणून आम्ही निघतोय. तिला सांगा, आतल्या खोलीत पलंग भिंतीला लावू नको म्हणावं."

"माझ्या लेकीला?" आनंदीबाई जागीच थांबल्या. "तिचा तर हडपसरला सोताचा बंगला हाय! कुणी सांगितलं तुला?"

द्वारकाला आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. आनंदीबाईंनी ऐकून घेतलं, त्या लिफ्टने थेट वर आल्या आणि त्यांनी बुरशीवर तळहात टेकला. मग त्यांनी लेकाला बोलावलं, आणि समोरचं दार वाजवून राजनंदिनीलाही.

"विशू, हात लाव हितं."

"आई, तुला यातलं कळत नाही. नवीन भाडेकरू याच घराचे कितीतरी जास्त देतील. आणि ही बाई चारचौघांत बदनामी करते!"

"चारचौघांत तिनं नाय सांगितलं. तुमीच विचारलं, म्हणून तिनं सांगितलं." आनंदीबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. "आपल्या रानात ऊसतोडीची टोळी उतरायची, आठवतंय? तुझा बाप रोज विचारायचा, काय कमी-जास्त हाय का. एका साली एक बाई म्हणली, विहिरीच्या पाण्याला वास येतोय. तुझ्या बापाला असा राग आला! पण दुसऱ्या दिशी विहीर उपसली, तर मेलेलं कुत्रं निघालं. तेच पाणी आपन बी पीत व्हतो, विशू! तू बी!"

आनंदीबाईंनी भिंतीकडे बोट केलं.

"त्या बाईला हाकललं असतं तर काय झालं असतं? ही भिंत कुणाची हाय, तिची का आपली? ती उद्या सामान उचलून जाईल. वल आपल्याच घरात ऱ्हाईल." मग त्या राजनंदिनीकडे वळल्या. "आन् तू गं? शब्द देऊन बोलतं केलंस आन् पार उघडी पाडलीस. खोटं बोलणारा परवडला पोरी, त्याच्यापासनं मानूस सावध तरी ऱ्हातंय!"

राजनंदिनीच्या डोळ्यांना धार लागली. विश्वजीत भिंतीकडे बघत होता. त्याने पहिल्यांदाच तिला हात लावला. ओल्या गिलाव्याचा पापुद्रा त्याच्या बोटांबरोबर निघून आला. "चुकलं वहिनी," तो पुटपुटला. "बहिणीचं खोटं सांगितलं. राहा तुम्ही."

वरच्या मजल्यावर फुटलेला पाइप सापडला. आणखी वर्षभर तसाच राहिला असता, तर स्लॅबमधलं लोखंड गंजलं असतं, असं प्लंबर म्हणाला. करार पुन्हा झाला.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभेत पहिल्यांदाच भाडेकरूंनाही बोलावलं होतं. राजनंदिनी उठली. ती म्हणाली, "भाडेकरूंनी माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं. ते मी मालकांना दाखवलं, नावं सांगितली. यात द्वारकाचा काही दोष नाही. दोष माझा आहे." काही मालकांनी तोंडं फिरवली. पण मागच्या रांगेतला एक भाडेकरू उभा राहिला आणि म्हणाला, "मग आमच्याही बाथरूमचं ऐका." आणि मग एकेक जण बोलू लागला.

सभा संपल्यावर राजनंदिनीने द्वारकाचा हात धरला. "मला माफ करशील?"

"माफ केलं," द्वारका म्हणाली. तिने हात सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. "पण काही सांगायचं झालं की आता आधी तुझ्या तोंडाकडे बघेन. पूर्वी बघत नव्हते. ही सवय जायला वेळ लागेल."

मित्रहो, आपल्या या वाढत्या शहरात निम्मी घरं कोणा ना कोणाला भाड्याने दिलेली असतील. घर देणाऱ्याने भाडं घ्यावं, रास्त वाढवावंही. पण राहणाऱ्याला 'सुखी आहात का' असं विचारलं, तर 'नाही' ऐकायची तयारी हवी. आणि विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याच्या हाती देणं ही चोरीच आहे. चोरीला गेलेली वस्तू एखाद्या वेळी परत मिळते. द्वारकाला घर परत मिळालं. मैत्रीण मिळायची अजून बाकी आहे.