खाली आलेला आकडा

पुण्याला आबांच्या लिव्हरमधली गाठ काढली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कॅन्सर मागं राहिलाय का, ते रक्तातल्या अल्फा फीटोप्रोटीनवरून कळेल. आकडा नॉर्मलपर्यंत खाली आला तर चांगली आशा धरा. वर राहिला तर अवघड आहे." आबांना मात्र एवढंच सांगून घरी पाठवलं, की आता सगळं रक्ताच्या आकड्यावर आहे. पेशंटला जास्त सांगायचं नाही, ही मोठ्या डॉक्टरांची रीतच.

मी आबांची लेक, बारामतीत दिलेली, म्हणून तिथल्या लॅबमधून रिपोर्ट आणायला मीच गेले. ऑपरेशनआधी हजारांत असलेला आकडा नॉर्मल झाला होता. लॅबच्या दारातच मला रडू फुटलं. नाक पुसलं आणि समोरच्या एसटीडी बूथवरून माहेरी, अंथुर्ण्याच्या दूध डेअरीला फोन लावला, कारण आबांच्या घराजवळ फोन तेवढाच. डेअरीचा जोतीराम बोलला. "आबांना लगेच सांग, आकडा एकदम खाली आलाय!" एवढं म्हणते तोवर लाइन गेली. पुन्हा लागेचना. निरोप तर गेला, असं म्हणून मी अंथुर्ण्यावरून जाणारी इंदापूरची एसटी पकडली.

आता हा जोतीराम म्हणजे रोज दोन वेळा गावाच्या दुधाचं फॅट मोजणारा माणूस. त्याच्याकडे आकडा खाली आला की दर पडतो आणि बाया भांडायला येतात. त्यानं तोंड पाडूनच निरोप दिला, आणि आबांनीही तो तसाच घेतला.

मी पोचले तर अंगणात ही गर्दी! शेजारची फुलाबाई पदर तोंडाला लावून बसलेली, जोतीराम मान खाली घालून खांबाला टेकलेला. आणि ओसरीवर आबांच्या शेजारी चक्क महिपतीतात्या. हे दोघं सख्खे भाऊ, पण कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवरून कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तात्या आबांचा हात धरून हुंदके देत होते.

"आलीस, माले? बरं झालं," आबा म्हणाले. "पाण्याची पयली पाळी महिपतीला देऊन टाकली. माझा आकडा घसरला, आता माझं काय ऱ्हायलंय?"

"अवो आबा, घसरायलाच पायजे होता!"

"येडी हायेस का? दुधाचं फॅट खाली गेलं, उसाचा उतारा खाली गेला, हिरीचं पाणी खाली गेलं. खाली जाऊन कवा कुणाचं भलं झालंय?"

हसावं की रडावं कळेना. मी तिथंच मांडी घालून बसले. "आबा, ती गाठ रक्तात जे सोडत होती, ते मोजलंय. लई सापडलं की दुखणं हाय. आता ते उतरलंय. अधनंमधनं रक्त तपासायला लागंल, पण आज काळजी न्हाय."

आबांनी माझं मनगट धरलं. "म्हंजी मी मरत न्हाय?"

"न्हाय, आबा."

त्यांनी डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. मला इतकं हलकं वाटलं, की तो सगळा आनंद मी जोतीरामवरच काढला. "माझ्या बापाला काय म्हशीचं दूध समजलास व्हय रे?" अंगण हसायला लागलं.

तात्या तेवढे हसले नाहीत. त्यांनी आबांचा हात सोडला, डोळे पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालास?" आबांनी विचारलं.

"घरी. पाळीचं ऱ्हाऊ दे, दादा. ती मरणाऱ्यानं दिली व्हती."

आबांनी सगळ्यांदेखत तात्यांचं धोतर धरून त्यांना खाली ओढलं.

"बस गप. जगणाराबी तीच देतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माले, दोन ताटं वाढ. निरोप आल्यापास्नं घास उतरला न्हाय."