उखळी तोफेचा गुंडु

"सांगतो ते आजवर कोणाला पटलं नाही, तुलाही पटायचं नाही," गुंडोअण्णांनी आधीच बजावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

समोर शुभंकर होता, वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. पुण्याहून येऊन महिना झालेला, नोकरी बेळ्ळंदूरला. शनिवारची सुट्टी म्हणून तो अण्णांचा संग्रह बघायला खाली आला होता.

जे. पी. नगरातल्या त्या घराचा हॉल म्हणजे अण्णांचं रणांगण. इम्फाळच्या डोंगरात नांगराला लागलेलं महायुद्धातलं सामान हात बदलत बदलत इथल्याच शिवाजीनगरला यल्लाप्पाच्या भंगाराच्या दुकानात यायचं, आणि अण्णा ते उचलायचे. भोक पडलेलं हेल्मेट, गंजकी संगीन, रिकाम्या काडतुसांचा डबा. पत्र्याची एक पाण्याची बाटली, जिच्यावर कोणा शिपायानं खिळ्यानं स्वतःच्या नावाची दोन अक्षरं कोरलेली. सगळं अस्सल. आणि मधोमध स्टुलावर हिरव्या रंगाचा, डोक्याला भोक असलेला, हातभर उंचीचा लांबट गोळा. त्याची खरी हकीकत दोघांनाच ठाऊक होती. एक अण्णा, दुसरी व्यक्ती आत स्वयंपाकघरात.

"उखळी तोफेचा गुंडु!" अण्णा म्हणाले. तोफगोळ्याला ते कन्नडातला गुंडुच म्हणत. "सत्त्याऐंशी साली मांडीवर घेऊन आगगाडीनं आणला, बनशंकरीची शपथ! टीसीनं विचारलं, हे काय? म्हटलं, शिवलिंग. झालं! अख्खा डबा पाया पडायला लागला. एका बाईनं तांब्याभर दूध ओतलं. दूध त्या भोकात गडप होतंय आणि मी डोळे मिटून रुद्र म्हणतोय. लोकांना वाटलं, केवढी भक्ती!"

शुभंकर हसला. "काका, पण आता हा निकामी केलेला असेल ना?"

निकामी हा शब्द अण्णांना झोंबला. "निकामी? अरे, जिवंत आहे! कान लाव, आत कुरकुरतो."

शुभंकरनं कान लावला नाही. तो ताडकन मागे सरकला. वर त्याची बायको सुखदा आठव्या महिन्यात आराम करत होती.

"सुखदा! आहेस तशी खाली ये, गेटबाहेर जा!" जिन्याकडे तोंड करून तो ओरडला आणि त्यानं ११२ लावला.

आता अण्णांच्या पायाखालची जमीन सरकली. पोलीस आले की नुसता गुंडु थोडाच नेतील? संगीन, काडतुसं, हेल्मेट, ती बाटली, तीस वर्षांचा संग्रह एका पोत्यात जाईल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो परत मिळवायला कोण खेटे घालणार?

"स्वल्प थांब रे! थाप होती ती. दगड आहे, साधा दगड!"

"काका, प्लीज. मला धीर द्यायला खोटं बोलू नका."

"अरे, बनशंकरीची शपथ!"

"ती तर मघाशीही घेतलीत!"

त्या गुंडुबद्दल अण्णा पहिल्यांदाच खरं बोलत होते, आणि पोराला ते तेवढंच पटत नव्हतं. फोनची रिंग जात होती.

तेवढ्यात अनुसूयाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अय्यो, काय आरडाओरडा?"

"काकू, मागे व्हा! बाँब!"

"कुठे?"

शुभंकरनं बोट दाखवलं. अनुसूयाबाईंनी पुढे होऊन गुंडु उचलला आणि पोर घ्यावं तसा कडेवर घेतला. शुभंकरनं डोळे घट्ट मिटले.

"उघड डोळे. हा बघ." त्यांनी गुंडु आडवा केला. बुडाला रंग नव्हता, झिजून गुळगुळीत झालेला काळा दगड होता. "माझ्या सासूबाईंच्या रुब्बुकल्लूचा, दगडी उखळाचा गुंडु. इडलीचं पीठ वाटायचा. भोक आहे ते लाकडी मूठ बसवायचं. आणि रंग बघ, आपल्या गेटचा. उरलेला ह्यांनी याला फासला. उखळ खरं, गुंडुही खरा, मधली तोफ तेवढी ह्यांची! तीस वर्षं मी मिक्सरवर वाटतेय आणि हा इथं पेन्शनीत बसलाय."

शुभंकरनं गेटकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, फोन बंद केला आणि मटकन खाली बसून हसत सुटला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

अण्णांनी छातीभर श्वास घेतला. पकडलं गेल्याचा एवढा आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. त्यांनी ती पाण्याची बाटली उचलून पंच्यानं पुसली. तिच्याबद्दल त्यांनी कधीच थाप मारली नव्हती. कोणाची, असं कोणी विचारलं तर "माहीत नाही" एवढंच म्हणत. बाटली त्यांनी हळूच जागेवर ठेवली.

शुभंकरनं गेटबाहेरून सुखदाला परत बोलावलं आणि आगगाडीतल्या दुधापासून दगडापर्यंत सगळं तिला दारातच सांगितलं. कॉफी आली. दोन घोट पोटात गेल्यावर अण्णांचा आवाजही परत आला.

"सरी, बरं, दगड तर दगड. पण आगगाडीतला अभिषेक मात्र खरा हं. शेवटी टीसीनं स्वतः नारळ फोडला, आणि..."

"अण्णाकाका!" सुखदा कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. "जो गुंडु ह्या घरातून कधी हललाच नाही, त्याच्या डोक्यावर आगगाडीत दूध कुणी ओतलं? थाप! चक्क थाप!"