माझ्या पाठीवर बेबीनंदाचे नाव

या मित्रांनो, बसा! पण जरा बेताने हं. मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे आणि मिटताना मी बोटे चिमटते. मुद्दाम नाही चिमटत. माझी घडणच तशी आहे, त्याला मी काय करू?

माझा जन्म जुना जालन्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. एका बाजूला धान्याची पोती, दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे आणि मधल्या त्या अंधाऱ्या दुकानात नुसत्या ठिणग्याच ठिणग्या. पाइप वाकवला, पत्रा ठोकला, निळा रंग मारला, झाली खुर्ची! तिथून मी टेम्पोत बसून परतूर तालुक्यातल्या आष्टीला आले. खुर्ची असून आयुष्यात एकदाच मला बसायला मिळाले, ते तेव्हा.

आता माझी सगळ्यात भारी गोष्ट ऐका. मला कुणी विकत घेतलेले नाही. मला जिंकलेले आहे!

भीमजयंतीला आमच्या गल्लीत बायकांची संगीत खुर्ची ठेवली होती. बक्षीस काय, तर शेवटी जी खुर्ची उरेल तीच. उरले मी. माझ्याभोवती दोघीच फिरत होत्या, शिलाईकाम करणारी बेबीनंदा खरात आणि तिची शेजारीण दैवशाला. गाणे थांबले आणि दोघी एकदम झेपावल्या. बेबीनंदा धप्पकन माझ्यावर बसली आणि दैवशाला बेबीनंदाच्या मांडीवर.

"ऊठ गं, मी आधी बसले!" दैवशाला ओरडली.

"तू खुर्चीवर कुठं बसली? तू तर माझ्यावर बसली!"

सगळी गल्ली पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी पेंटरने माझ्या पाठीच्या पत्र्यावर, मागच्या बाजूने, पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिले, ‘संगीत खुर्ची, प्रथम क्रमांक, बेबीनंदा खरात’. दैवशाला अजून म्हणते की खुर्ची माझी हाय, नाव तेवढं हिचं हाय.

गंमत म्हणजे त्या दिवसानंतर बेबीनंदा माझ्यावर कधी बसलीच नाही. "पाहुण्यांची हाय ती," म्हणायची. खेळातल्या बाकीच्या खुर्च्या भाड्याच्या, त्या परत गेल्या; गल्लीत धड खुर्ची मी एकटीच. कुणाकडे सोयरे आले, मास्तर आले, नर्सबाई आल्या, की हाक यायची, "बेबीनंदाची खुर्ची आणा गं!" की निघाले मी, कधी कुणाच्या काखेत, कधी डोक्यावर. पाव्हणा कुणाचाही असो, मान माझा!

पण मित्रांनो, वय कुणाला चुकले आहे? माझा निळा रंग पोपडे धरून गळाला. एक पाय वाकला, त्याखाली आता खापरीचा तुकडा द्यावा लागतो. वापरतात सगळे, पण पावसात मला आत घ्यायची आठवण मात्र कुणालाच होत नाही. रुसत नाही हो मी. म्हणजे थोडीशी रुसते. ते शेवटी सांगेन.

पाहुणे नसतील तेव्हा माझे खरे काम समाजमंदिरात असते. बेबीनंदा रोज संध्याकाळी तिथे गल्लीतली लेकरे गोळा करते. माझ्यावर फळा टेकवून उभा करते आणि स्वतः लेकरांबरोबर खाली बसते. आया रानातून परत येईपर्यंत पाढे, गाणी, गोष्टी, भांडणे, सगळे चालते. त्यात पहिलीतली पायल सगळ्यात चिमुकली. तिचे आईबाप ऊसतोडीला अंकुशनगरकडे गेलेले. घरी फक्त आजी, आणि आजीला नीट दिसत नाही. दिवस कलला की पायलने बेबीनंदाचा पदर धरलाच म्हणून समजा. आजी येऊन नेईपर्यंत ती तो सोडत नाही.

या वर्गाला जालन्याच्या एका संस्थेने पुस्तके दिली होती. एकदा त्या संस्थेच्या चिन्मयीताई आल्या, माझ्यावर बसल्या आणि जरा चाचरतच म्हणाल्या, "बेबीनंदाताई, आता नवीन नियम झालाय. लहान मुलांसोबत जे कुणी काम करतं, त्या सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची."

बेबीनंदाचा चेहरा खर्रकन उतरला. "पोलीस? मी काय चोर हाय का, ताई?"

"अहो, माझीपण झाली. आमच्या अध्यक्षांचीपण झाली. आया आपल्या भरवशावर लेकरं सोडून जातात ना? मग तो भरवसा कुणीतरी तपासायला नको का?"

"आन् न्हाई केली तर?"

चिन्मयीताई म्हणाल्या, "तर वर्ग बंद ठेवावा लागेल मला."

पायलने पदराची मूठ आणखी घट्ट केली. तिला पडताळणी कळली नाही, पण ‘बंद’ कळले. बेबीनंदाने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "भरा मंग."

ताईंनी तिथेच मोबाईलवर अर्ज भरला, फोटो काढला, आधार कार्ड जोडले. आता ठाण्यातून कुणीतरी येईल, शेजाऱ्यांना चार गोष्टी विचारेल, एवढेच बाकी होते. जाताना बेबीनंदा हळूच म्हणाली, "ताई, गल्लीत नका बोलू हे. पोलिसाचं नाव निघालं की माणसं काहीबाही बोलत्यात."

तिथेच चुकले बघा!

रविवारी बेबीनंदा दोरे आणायला परतूरला गेली होती आणि नेमके तेव्हाच मोटरसायकलवरून हवालदार आले. दैवशालाच्या दारात थांबले. हाक आली, मी धावत गेले, हवालदार माझ्यावर बसले. माझी पाठ भिंतीकडे.

"बेबीनंदा खरात कुठं राहतात?"

दैवशालाने डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. "कोण बेबीनंदा? असं कुणी न्हाई बा हितं."

मी उडालेच! जी बाई माझ्यावरून अजून बेबीनंदाशी भांडते, ती म्हणते बेबीनंदा कोण! मग ध्यानात आले. आमच्या गल्लीची रीतच आहे ती. पोलीस कुणाचे नाव घेत आला की आधी माणूस लपवायचा, कारण नंतर विचारायचे.

हवालदार पुढच्या घरी निघाले. पण पाहुणा उभा कसा ठेवायचा? मला मिटले, मागच्या बोळातून पळवले आणि ते पोहोचायच्या आत साहेबराव आजोबांच्या ओसरीवर मी तयार! पाठ पुन्हा भिंतीकडे.

"खरात तर लई हायेत, साहेब," साहेबराव टोपी सारखी करत म्हणाले. "पर बेबीनंदा? बिलकुल न्हाई. नावच न्हाई ऐकलं कधी. च्या घ्या की!"

तिसरे घर पायलच्या आजीचे. साहेबरावांच्या काखेतून मी तिथेही हजर, पाठ भिंतीकडेच. आजी म्हणाली, "मला दिसतच न्हाई बाबा, मंग वळखू कशी?" खोटेही नाही आणि खरेही नाही!

मित्रांनो, लोखंडाला घाम येत नाही म्हणतात, पण मला तेव्हा आला असणार. कारण हवालदारांनी पेन काढले आणि स्वतःशी पुटपुटत लिहायला घेतले, "सदर नावाची व्यक्ती या पत्त्यावर..." हे वाक्य पूर्ण झाले की दाखला गेला, वर्ग गेला. संध्याकाळी पायलच्या मुठीत पदर नसणार. आणि हे सगळे कुणी केले? बेबीनंदावर जीव टाकणाऱ्या माणसांनीच! मला ओरडावेसे वाटले, "अहो, माझ्या पाठीवर लिहिलंय!" पण खुर्चीला चार पाय असतात, तोंड कुठे असते?

हवालदार उठले. पाहुणा एकदाचा जातोय म्हणताना साहेबरावांना भारी हुशारी आली. त्यांनी मला खटाक् करून मिटले, डोक्यावर घेतले आणि पुढे चालू लागले, "या साहेब, गाडीपातूर सोडतो." आणि माझी पाठ? बराबर हवालदारांच्या नाकासमोर!

"थांबा आजोबा." हवालदारांनी मोठ्याने वाचले. "संगीत खुर्ची. प्रथम क्रमांक. बेबीनंदा खरात."

साहेबरावांची पावले जागीच थबकली.

"ती... ती दुसरी हाय," साहेबराव माझ्याखालून म्हणाले.

हवालदारांना हसू आवरेना. "अहो, मी धरायला न्हाई आलो त्यांना! त्या पोरांचा वर्ग घेतात न्हवं? मंग बाई चांगली हाय का, लेकरं तिच्याजवळ सुखरूप हायेत का, येवढंच विचारून राह्यलो."

माझ्यावर आजवर नाना तऱ्हेचे लोक बसून गेले, पण आमची लेकरे सुखरूप आहेत का, हे विचारायला पोलीस येईल असे गल्लीला स्वप्नातही वाटले नव्हते.

मग पायल पुढे आली. हवालदार तिच्यासमोर चक्क उकिडवे बसले. "बाळा, त्या मारतात का गं तुम्हाला?"

"न्हाई," पायल म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "पाढा चुकला की पुन्ना म्हणायला लावती. आन् आजीला यायला उशीर झाला ना, तरी कुलूप न्हाई लावत. माझ्याजवळ बसून राहती."

आणि मग जो बांध फुटला! "तिला वळखत न्हाई असं कसं होईल, साहेब? माझ्या बाळंतपणात धा दिवस तिनंच रांधलं," दैवशाला सांगू लागली. आजीला एकदम सगळे दिसू लागले. हवालदार "एकेक बोला, एकेक!" म्हणत थकले. शेजाऱ्यांपैकी दोघांच्याच सह्या लागत होत्या, पण ओळ थेट हापशापर्यंत गेली.

तेवढ्यात बेबीनंदा आली. पोलिसाची गाडी, एवढी गर्दी. तिच्या हातातली पिशवीच गळाली आणि रंगीत रिळे गल्लीभर घरंगळत गेली. "काय झालं? माझं काय चुकलं?"

"चुकलंच!" दैवशाला रिळे गोळा करता करता म्हणाली. "आम्हाला आदी का न्हाई सांगितलं गं? तुला वळखत न्हाई म्हणून बसलो की आम्ही! आता मघाधरनं तुझी तारीफ करून राह्यलो. कधी न्हाई ते!"

बेबीनंदा रडावे की हसावे अशी उभी. हवालदारांनी मला उघडले, वाकड्या पायाखाली खापरी सरकवली आणि म्हणाले, "बसा ताई. तुमची सही लागती."

"न्हाई न्हाई, मी बसते की खाली."

"नाव तुमचंच हाय न्हवं हिच्यावर?"

आणि बेबीनंदा माझ्यावर बसली. त्या जयंतीनंतर पहिल्यांदा! ती आता थोडी जड झाली आहे आणि मी बरीच म्हातारी. पण मी जराही कुरकुरले नाही. बरं, थोडी कुरकुरले. आनंदाने.

दाखला आला. वर्ग एक दिवसही थांबला नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या वर्गात, मैदानावर, मंडळात जी मोठी माणसे असतात, त्यांच्याबद्दल कुणी विचारायला आले तर लपवालपवी करू नका. चांगले असेल तर मोठ्याने सांगा. आणि काही बरे वाटत नसेल तर तेही न घाबरता सांगा, अगदी पायलएवढे लहान असलात तरी. ते विचारणे तुमच्यासाठीच असते.

आता माझे रुसणे. मला फरफटत नेऊ नका, उचलून न्या. पाऊस आला की आत घ्या. कधी रंग द्यायचे मनात आले तर निळाच द्या, मला निळा शोभतो. फक्त पाठीवरच्या त्या नावावरून ब्रश फिरवू नका.