पाच फेट्यांचा सत्कार

'घणाघात' बँड सोडून प्रसेनजीतला सहा महिने झाले होते. पाच जणांचा बँड महाराष्ट्रभर गाजलेला, त्यामुळं कोल्हापुरात पाय ठेवल्यापासून जो तो एकच विचारत होता, "बाकीचे कुठं हायत?" रंकाळ्यावर तेच, मिसळीच्या टेबलावर तेच. रॉक बँड सोडला म्हणजे काय वऱ्हाड चुकलं व्हय? सांगून सांगून तोंड दुखलं बिचाऱ्याचं.

घरात आई. सकाळी त्यानं नवं गाणं ऐकवलं, तर मीनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चांगलं चाललेलं सोडून आलास. परत बोलावत्यात तर जा की गप." बँडवाल्यांना उद्या उत्तर द्यायचं होतं. प्रसेनजीतनं मनाशी ठरवलं, आज सत्काराच्या कार्यक्रमात आपल्या गावानं हे गाणं शेवटपर्यंत ऐकलं तर एकट्यानं गायचं, नाहीतर मुकाट परत जायचं.

हॉलवर आयोजक विजयसिंहांनी आणखी घोळ घातलेला. सत्काराला फेटे पाच, नारळ पाच, शाली पाच.

"अहो, मी एकटाच गाणार हाय. फोनवर सांगितलंवतं की."

"व्हय, पण येतील की मागनं," म्हणत त्या शहाण्यानं स्टेजवर चार रिकाम्या खुर्च्या मांडून त्यांच्यावर फेटे-नारळ ठेवले. पाचवा फेटा प्रसेनजीतच्या डोक्यावर, तोही कानावर आलेला. काय बोलणार, कप्पाळ.

भाषणं उरकली. गिटार घेऊन तो उभा राहिला. पहिलं कडवं संपायच्या आत मागनं कुणीतरी ओरडलं, "माइक चेक झाला असंल तर बँड बोलवा की." हॉल हसला. विजयसिंह खरोखरच दाराकडं बघायला लागले. प्रसेनजीतचा हात थांबला. वैताग होताच, आता रडू येतंय का काय असं झालं त्याला. बास, उद्या फोन करून टाकू.

तेवढ्यात पहिल्या रांगेतनं मीनाबाई उठल्या आणि पदर खोचून स्टेजवर चढल्या. आता ही दंडाला धरून घरी नेती, असंच त्याला वाटलं. त्यांनी माइक आपल्याकडं ओढला.

"बाकीच्यांचं मला ठावं न्हाय. मी ह्याला एकट्यालाच जल्माला घातलाय. ऐकायचं असंल तर गप बसा."

हॉल गप झाला. मीनाबाईंनी जवळच्या खुर्चीवरचा फेटा-नारळ उचलला आणि तो मांडीवर घेऊन तिथंच बसल्या.

"हं, पहिल्यापास्नं म्हण," त्या लेकाला म्हणाल्या. "सकाळी मीबी नीट ऐकलं न्हाय."