तीन नंबरचा बावटा

"बबन, काटा कितीवर आहे?" दिनानाथ गुप्ते फोनमध्ये जरा मोठ्यानेच बोलत होते. बदलापूर स्टेशनबाहेरच्या त्या एसटीडी बूथमध्ये त्यांची ही सकाळपासूनची दुसरी फेरी होती.

"एक हजार चार. उतरतोच आहे, साहेब."

"दहाला चढला होता?"

"नाही चढला."

"मग बावटा का नाही लावला?"

"ऑर्डर नाही आली. एक नंबरची पण नाही. ऑर्डरशिवाय मी कसा लावू, तुम्हीच सांगा."

गुप्त्यांनी फोन ठेवला. बबन आज जे म्हणाला, तेच ते स्वतः एकदा म्हणाले होते.

बबन आता बसतो त्याच बंदराच्या सिग्नल खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तापमान, वारा, हवेचा दाब वहीत टिपायचा आणि वरून हुकूम आला की धोक्याचा बावटा काठीवर चढवायचा, वादळ दूर असलं तर एक नंबरचा, बंदराला धोका असला तर तीन नंबरचा, एवढंच काम. हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास थोडा वाढतो आणि दुपारी चारपर्यंत उतरतो, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, खरवईला नव्या बिल्डिंगमध्ये बिऱ्हाड केलं, तरी भिंतीवरचा दाबमापक ते रोज वाचत. आज, नोव्हेंबरातल्या या मंगळवारी, दहाला काटा चढलाच नव्हता. सकाळपासून ते चार वेळा गच्चीवर जाऊन आले होते.

"तुम्हाला आता कोण विचारतंय?" त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणाल्या होत्या. "बसा ना जरा एका जागी."

पण हरिचंद्र दुपारी बंदरावर निघणार होता. खरवई गावातला हा आगरी माणूस एका बार्जवर खलाशी होता. खोल पाण्यात उभ्या राहणाऱ्या जहाजांचा माल बार्जवर उतरवून आणायचा, आठ-आठ दिवस पाण्यावर राहायचं. त्याची बायको तुळशी बिल्डिंगमध्ये भाजी द्यायला येई, तिनेच काल सांगितलं होतं.

गुप्ते बूथवरून थेट गावात गेले. हरिचंद्र ओटीवर पिशवी बांधत होता.

"हरिचंद्र, आज जाऊ नकोस."

"का, काका? बावटा लागला?"

"लागला नाही अजून. पण काटा पडतोय."

हरिचंद्र हसला. "बावटा नाय तं बार्ज सुटनार. मी नाय गेलो तं सेठ दुसरा मानूस घेल. मंग मना कामावर कोन उभा करनार?"

तुळशी दारात येऊन उभी राहिली. गुप्ते ओटीच्या कडेवर बसले. जे त्यांनी मालिनीबाईंनाही कधी धड सांगितलं नव्हतं, ते त्यांनी या दोघांना सांगितलं. ब्याऐंशी साली असाच काटा उतरत होता. ते फोनजवळ हुकुमाची वाट बघत बसले. समोरून एक लाँच सुटली. तिच्यावरच्या माणसाने खिडकीकडे बघून हातही केला. बारा वाजून दहा मिनिटांनी हुकूम आला आणि त्यांनी तीन नंबरचा बावटा चढवला. लाँचवरच्या अकरा जणांपैकी सातच परत आले.

"चौकशी झाली. माझी काही चूक नाही, असं त्यांनी लिहून दिलं," गुप्ते म्हणाले. "नियमाप्रमाणे नव्हतीच."

मग तुळशीने पुढे येऊन पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. हरिचंद्रने तिला अडवलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बंदरावर एक नंबरचा बावटा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोही उतरवला. वादळ दूर समुद्रातच वळून विरून गेलं होतं. खरवईवर स्वच्छ ऊन पडलं. बार्ज आठव्या दिवशी सुखरूप परत आली, आणि हरिचंद्रच्या जागी घेतलेला माणूस कायम झाला. दोन महिने खेटे घालून हरिचंद्र अखेर मोरिवलीच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागला. तुळशी भाजी देत राहिली, पण दारात थांबून बोलेनाशी झाली.

मार्चमध्ये एके दुपारी गुप्ते मोरिवलीला गेले आणि पाळी सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहिले. हरिचंद्र बाहेर आला. चेहरा रापून काळा पडला होता, पण तो रंग उन्हाचा नव्हता.

"माझ्यामुळे तुझं काम गेलं," गुप्ते म्हणाले. "मी चुकलो."

"हो, चुकलाव," हरिचंद्र म्हणाला. मग डोक्याचं फडकं सोडून त्याने मान पुसली. "मना इथं करमत नाय, काका. भिंतीच भिंती. पन माजा बा असाच वादलात पान्यावर गेला. त्या दिवशी त्याला कोनी सांगायला नाय आयला."

दोघे रस्त्याच्या कडेने चालू लागले. इतका वेळ कारखान्याच्या चिमणीचा धूर सरळ वर जात होता, तो अचानक वाकला आणि डोंगराकडे वाहू लागला. हरिचंद्र थांबला. वारा कुठून येतोय ते बघायला त्याने घामाने ओला गाल तिकडे वळवला. गुप्तेही थांबले होते.

"पश्चिमेचा," गुप्ते हळूच म्हणाले.

"हो," हरिचंद्र म्हणाला. "खारा हाय."

मागून सुटलेले कामगार त्यांना वळसा घालून पुढे जात राहिले.