भोंग्याची हजेरी

त्याचं खरं नाव काय, हे बायकोलाही जरा आठवूनच सांगावं लागे. सगळी वस्ती त्याला भोंगा म्हणायची. सगळं आयुष्य घरालाच लागून असलेल्या वर्कशॉपात लेथ मशीनवर गेलेलं. यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची त्याला अशी काही सवय लागली होती, की घरात त्याने मीठ मागितलं तर शेजारचे मीठ घेऊन यायचे.

असा गळा रेडिओवर जाऊन बसला नसता तरच नवल. वस्ती डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेली, आणि फोनचं नेटवर्क मोठं लहरी, आलं तर आलं. म्हणून बऱ्याच घरांनी हातात मावणारे रेडिओ घेतले होते. बटन दाबा, बोला, सोडा, ऐका. अल्याडचं पल्याड थेट पोचत नसे, मध्ये डोंगर आडवा. त्यासाठी माथ्यावर, पाण्याच्या टाकीशेजारच्या पंपघरात रिपीटर बसवला होता. लोखंडी कपाटाएवढी ती पेटी खालून येणारा बारीक आवाज ऐकायची आणि त्याच क्षणी जोरात दोन्हीकडे सांगायची. भोंगा म्हणायचा, "आपल्यातला सगळ्यात प्रामाणिक चुगलखोर हा. ऐकेल तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही."

रोज सकाळी भोंगा रेडिओवर हजेरी घ्यायचा. खालच्या रस्त्यापासून सुरुवात करून, डोंगर चढून, पलीकडे उतरून, एकेका घराला हाक. घराने "हजर" म्हणायचं आणि गप्प बसायचं. कुणी उत्तर दिलं नाही तर शेजारच्याने जाऊन बघून यायचं. म्हातारी माणसं एकटी राहत होती, त्यांना या हजेरीचा मोठा आधार. आणि कुणी बटन दाबून धरून पाल्हाळ लावलं की भोंगा कडाडायचा, "बटन सोडा! रेडिओ आहे, वडिलोपार्जित जमीन नव्हे!" हजेरीत शेवटचं घर त्याच्या लेकीचं. ती पलीकडच्या उतारावर रोपांची नर्सरी चालवायची. बापलेकीचं दिवसाचं बोलणं ते तेवढंच, पण ते कधी चुकलं नव्हतं.

मग भोंग्याच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ वाईट नव्हती, डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं. मात्र गाठीबरोबर स्वरतंतूचाही एक तुकडा गेला. "आता जेवढं बोलाल तेवढा आवाज सुधारेल," डॉक्टर म्हणाले. "गप्प बसलात, तर जो काही उरलाय तोही आखडून जाईल. आणि कुजबुजू तर मुळीच नका, त्याने गळ्यावर जास्त ताण येतो."

भोंग्याने मान डोलावली, घरी आला आणि बेकरीत ब्रेड आणायला गेला. बेकरीवाला मागच्या भट्टीत वाकलेला. भोंग्याने ब्रेड मागितला, तर तो मागे न बघताच म्हणाला, "आलो हं मावशी, एक मिनिट!"

झालं. त्या दिवसापासून भोंग्याने तोंडाला कुलूप लावलं. घरात खुणा करायचा, गिऱ्हाईक आलं की मापं पाटीवर लिहून दाखवायचा. हजेरी पोस्टातल्या बाई घेऊ लागल्या. त्या तार वाचल्यासारखं एका सुरात घरं वाचायच्या, आणि भोंगा लेथशेजारच्या स्टुलावर बसून ऐकायचा. शेवटी लेकीचा आवाज यायचा, "नर्सरी हजर. बाबा ऐकत असतील तर त्यांना सांगा, मी हजर आहे." भोंगा बटन नुसतं दोनदा दाबायचा. टक, टक. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ.

"अहो, लेकीला किती दिवस टकटक ऐकवणार?" बायको एकदा तडकलीच. ती मागच्या खोलीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. मशीन थांबवून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "काल भेटली तर काय विचारते, गाठ खरंच साधी होती ना, की तुम्ही दोघं मिळून काही लपवताय? मी शप्पथ घेतली तरी पटेना तिला. म्हणते, बाबा बरे असते तर बोलले असते."

भोंग्याने हात उडवला. भोंग्याची पिपाणी झालीय, हे सगळ्या डोंगराला कशाला ऐकवायचं, असं त्याला म्हणायचं होतं. पण तेवढं सांगणारी खूण त्याला येत नव्हती. बायको डोळे पुसून आत गेली. मशीन पुन्हा सुरू झालं, नेहमीपेक्षा जास्त जोरात.

हे मात्र त्याला लागलं. लेकीला घोर लागलाय आणि आपण मानापमान कुरवाळत बसलोय, हे न कळण्याइतका तो दगड नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लेथ बंद केला, दार ओढून घेतलं आणि सराव करायला बसला. पण भिंतीशी काय बोलणार? हयात अशी गेलेली, की अंगठा बटनावर असल्याशिवाय त्याची जीभ हलेना. मग त्याला एक युक्ती सुचली.

रिपीटर काही वाटेल त्याचं ऐकत नसे. प्रत्येक रेडिओ बोलण्याबरोबर एक बारीक गुणगुण पाठवतो, माणसाच्या कानाला न जाणवणारी. तिला टोन म्हणतात. ठरलेला टोन ऐकू आला तरच रिपीटर दार उघडतो, नाहीतर ढिम्म. भोंग्याने दुपारपुरता आपल्या रेडिओतला टोनच बंद करून टाकला. आता कितीही बोला, आवाज माथ्यापर्यंत जाणार आणि तिथेच राहणार. चोरून रियाज करायला यापेक्षा चांगली खोली कुठली?

रोज दुपारी तो अख्खी हजेरी घेऊ लागला. खरखर, फट्‌, मध्येच नुसती हवा. प्रत्येक घराला हाक मारायची, बटन सोडायचं, त्या शांततेत मनातल्या मनात "हजर" म्हणायचं आणि पुढे जायचं. हळूहळू अक्षरं एकमेकांना धरून चालू लागली. नर्सरीचं नाव मात्र त्याने एकदाही घेतलं नाही. तिथवर आलं की तो रेडिओ बंद करून जेवायला जायचा.

एका दुपारी असाच बसला. अंगठ्याने बटन दाबलं. "हजेरी सुरू करतोय. बेकरी?" बटन सोडलं.

पिप.

भोंगा स्टुलावर ताठ झाला. बोलणं संपलं की रिपीटर अशी बारीक शिट्टी देतो: माझं सांगून झालं, आता दुसऱ्याने बोला. म्हणजे दार उघडलं होतं! त्याने रेडिओ डोळ्यांजवळ नेऊन बघितला. टोन बंदच होता.

"बेकरी हजर!" बेकरीवाला तोंडात घास घेऊन ओरडला. "अहो, भोंगा का? भोंगाच ना?"

जेवणाची वेळ. घराघरांत रेडिओ चालू ठेवलेले. भोंग्याचा हात रेडिओ बंद करायच्या गोल बटनावर गेला. एवढं फिरवलं की संपलं; मग उद्या कुणी विचारलं तर खुशाल कानावर हात ठेवता आले असते.

तेवढ्यात वरून टाकीवाला बोलला. पंप, टाकी आणि रिपीटर अशी तिन्ही पोरं तोच सांभाळायचा, आणि जगातल्या प्रत्येक दुःखावर त्याच्याकडे पाना किंवा फ्यूज असे. "भोंगा, अहो टोन घालायला विसरलात तुम्ही! या आठवड्यात टाकी धुवायला दुपारचाही वर येतोय, तर पेटीच्या आतल्या स्पीकरवर तुमची हजेरी ऐकू येतेय. पेटी ऐकते, पण दार उघडत नाही. माणूस रोज जीव तोडून हाका मारतोय आणि कुणी ओ देईना, म्हटलं केवढं वाईट वाटत असेल! खाली येऊन सांगितलं तर तुम्हाला राग येणार, म्हणून इकडूनच टोनची अट काढून टाकली. आता बोला बिनधास्त!"

पिप.

भोंग्याला हसावं की रडावं कळेना. त्या भल्या माणसाला लाज दिसलीच नव्हती, त्याला बिघाड दिसला होता. आणि कुणी ओ देत नाही म्हणून भोंगा कष्टी असेल, एवढ्यासाठी तो एकट्याने वर खटपट करत बसला होता. मागच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. हे मुद्दाम केलं होतं असं सांगायचं, की गोल बटन फिरवायचं?

भोंग्याने हात खाली घेतला. मग अंगठा बटनावर ठेवला.

"विसरलो," तो म्हणाला. आवाज जाड्याभरड्या कापडावरून नख ओढावं तसा निघाला. "वय झालं. दवाखाना?"

"दवाखाना हजर," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आवाज एकदम साफ. फक्त आ जरा मोठा करा."

मग एकेक घर बोलू लागलं. कुणी म्हणालं आवाज ठणठणीत, कुणी म्हणालं पहिल्यापेक्षाही गोड. सगळे धडधडीत खोटं बोलत होते आणि भोंग्याला ते कळत होतं. तरी प्रत्येक "हजर" बरोबर त्याचे खांदे थोडे सैल होत होते. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "हजर. आणि उद्यापासून तुमची सकाळची हजेरी तुम्ही घ्या बाई. भल्या पहाटे उठून घरं वाचायचा मला कंटाळा आलाय." भोंग्याला बाई म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि गंमत म्हणजे भोंग्यालाही ते टोचलं नाही. तो हसला. त्या हसण्याचीही खरखरच झाली.

डोंगर चढून झाला, पलीकडे उतरून झाला. एकच घर राहिलं.

त्याने बटन दाबलं. न बोलताच सोडून दिलं. रिपीटरने पिप केलं. कुणी मध्ये बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं शेवटचं घर कुठलं.

त्याने पुन्हा दाबलं. "नर्सरी?"

उत्तर नाही. रोपांच्या वाफ्यात असेल, रेडिओ घरात ठेवला असेल, भोंग्याने स्वतःला समजावलं. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी बटन दाबलं. जमिनीवर पाइपमधून पाणी सांडत होतं, त्याचा आवाज आला. मग कुणीतरी श्वास घेतला. दुसरं काही नाही. बटन दाबलेलंच राहिलं. एक जण बटन धरून बसला की दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. सगळी वस्ती घास हातात धरून त्या पाण्याचा आवाज ऐकत बसली. शेवटी रिपीटरच कंटाळला. कुणी फार वेळ अडवून धरलं की तो आपणहून दार लावतो, तसं त्याने लावलं.

भोंग्याने वाट पाहिली, मग बटन दाबलं. "नर्सरी, बटन सोडून रडायचं. बाकीचे खोळंबतात."

"बाबा," लेक म्हणाली. नाक ओढलं. "नर्सरी हजर."

"माझा आवाज कसा येतोय?" रेडिओवरचा रोजचाच प्रश्न हा, दिवसात शंभर वेळा विचारला जाणारा. भोंग्याने आज मात्र उत्तरासाठी रेडिओ कानाला लावला.

"वाईट येतोय, बाबा." ती थांबली नाही. "घोगरा येतोय. फाटल्यासारखा. मध्ये मध्ये तर नुसता वाराच येतोय. पण तुमचाच आहे. मला ओळखू आला."

इतका वेळ गोड गोड ऐकून जे झालं नव्हतं, ते या वाक्याने झालं. भोंग्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायचं त्याला सुचलं नाही. मागच्या दारात बायको येऊन उभी होती, हातात अर्धं शिवलेलं कव्हर.

भोंग्याने बटन दाबलं आणि सगळा डोंगर ऐकत असताना बोलला. "गाठ वाईट नव्हती, पोरी. खरंच नव्हती. मी बरा आहे. तुझ्यापासून काही लपवलं नाही. मला फक्त या आवाजाची लाज वाटत होती."

त्याने बटन सोडलं. पिप वाजलं. पलीकडून बटन दाबलं गेलं आणि तिथे कुणीतरी नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबलेला ऐकू आला.

"मग उद्या सकाळी हाक मारणार ना?" लेकीने विचारलं.

"तयार राहा," भोंगा म्हणाला. "उशीर झाला तर ओरडेन."