राहीच्या डोक्यावरचं घमेलं

मी एक घमेलं. लोखंडी, दोन कानांचं. बोलायची मला सवय नाही, आणि माझ्या वाट्याला आलेली माणसंही फार बोलणारी नव्हती. पण राही स्वतःबद्दल कधी काही सांगणार नाही, म्हणून मी बोलतोय.

रत्नागिरीच्या बाजारात एका दुकानापुढे मी माझ्यासारख्याच इतरांत रचून ठेवलेला होतो. सदूनं मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि एसटीच्या टपावर टाकून गावी आणलं. त्याला घराची पडकी भिंत नव्यानं बांधायची होती. तो चिखल कालवून भरायचा आणि त्याची बायको राही मला डोक्यावर घेऊन चालायची.

"किती भरता हो, मान मोडंल माजी," ती म्हणायची.

"मोडली तर तीबी बांधू," तो म्हणायचा.

ती भिंत फार दिवस चालली, कारण दोघं मध्येच हसत बसायची.

मग मी गोठ्यात गेलो. शेण, राख, पालापाचोळा. माणसाला काम असलं की आम्ही आठवतो, नसलं की आमच्यात कोंबडी अंडी घालते. माझी तक्रार नव्हती.

सदू गेला तो आषाढात. ताप डोक्यात चढला आणि गाडीची सोय होईपर्यंत सगळं संपलं. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. गावाचं मसण म्हणजे नदीकाठची उघडी जागा. ना छप्पर, ना आडोसा. मंडळी तिथून परतली ती चिंब भिजून. सदूचा चुलतभाऊ महिपत गोठ्याच्या पडवीत उभा राहून रावजींना सांगत होता. रावजी म्हणजे गावचे मानकरी, देवळातला शब्द त्यांचा.

"लाकडं धरीचनात, बाबा. राकेल वतलं. तरी अर्धाच झाला. सकाळी परत जाया लागंल."

"हळू बोल," रावजी म्हणाले.

पण भिंतीपलीकडे राही बसली होती. तिनं ऐकलं.

तेव्हापासून राही रडली नाही. बोलायची, पण विचारलं तेवढंच. भात लावलं, कापलं, झोडलं. म्हशीचं दूध काढलं. सासू सोनूबाईला वेळेवर भाकरी दिली. राख भरायला मला चुलीशी नेलं की दिसायचं: संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची आणि हात न जोडता वळायची. एकदा चुलीतला निखारा तिच्या पायावर पडला, तो तिनं नीट बघितला आणि मग चिमट्यानं बाजूला केला. सोनूबाई दारातून बघत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात, चौऱ्याऐंशी साली, गावानं मसणात शेड बांधायची ठरवली. पत्रे पंचायत देणार, बाकी श्रमदान. घरटी एक गडी.

"तुज्या घरात गडी नाय," रावजी अंगणात येऊन राहीला म्हणाले. "तुला माफ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला गोठ्यातून काढलं आणि राखेनं घासलं. सोनूबाई उठली. खुंटीवरचा सदूचा जुना पंचा घेतला, त्याची चुंबळ वळली आणि राहीच्या डोक्यावर ठेवली. दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही.

आमच्याकडे बायका मसणात जात नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा जोत्याचे चिरे बसवणारे हात थांबले.

"राही, मागं फिर," रावजी म्हणाले. "बायकांनी हितं याचं नसतं."

"मड्यासंगं नाय आले, बाबा. जोत्यात भर घालाय आले."

"मी देवाला काय सांगू?"

"सांगा, राहीनं ऐकलं नाय."

मग तिनं महिपतला विचारलं, "भावोजी, ह्यांना कुठं ठिवलं व्हतं?"

महिपतनं मान खाली घालून बोट दाखवलं. थोडी वाळू, काळे पडलेले दगड. राही बघत उभी राहिली. मला वाटलं आता कोसळेल. पण तिची मान हललीसुद्धा नाही. ती मातीच्या ढिगाकडे गेली, मला खाली ठेवलं आणि म्हणाली, "भरा."

कुणी पुढे होईना. शेवटी फावडं उचललं ते रावजींनीच. अर्ध्यावर थांबले.

"अजून घाला," राही म्हणाली.

त्यानंतर ती रोज आली. ढिगापासून जोत्यापर्यंत जायची, रिकामी वळायची, परत भरून जायची. माती पडली की धुम्मस घेऊन ठोकायची. मनात देवाचं नाव घेत होती का, मला ठाऊक नाही. ओठ हलत नव्हते. चेहऱ्यावर काही उजळलंबिजळलं नाही. मी लोखंड, मला वजन तेवढं कळतं. आणि एवढं कळलं, की माझ्याखालचं डोकं, जे वर्षभर दगडासारखं होतं, ते आता घामानं भिजत होतं.

"कशाला जातेस गो रोज?" एकदा सोनूबाईनं तिची मान चोळता चोळता विचारलं.

राही मग म्हणाली, "देवाफुडं उबी ऱ्हायले की आत कायच हलत नाय, आत्या. हितं घमेलं उचललं की निदान मान दुकते. ज्याचं दुकतं ते जितं आसतं ना?"

सोनूबाईनं जरा जास्त तेल घेतलं.

मिरगाच्या आधी पत्रे चढले. रावजींनी नारळ फोडला, खोबरं वाटलं. राहीला देताना म्हणाले, "घे." एवढंच. तिनं ते घरी नेऊन सासूला दिलं.

दोन वर्षांनी, भर श्रावणात, सोनूबाई झोपेतच गेली. पाऊस तसाच, समोरचं माणूस दिसू नये असा. तिला घेऊन मंडळी गेली. राही घरातच राहिली. प्रेताबरोबर बाई जात नाही, ते काही बदललं नव्हतं. अंधार पडायच्या सुमाराला महिपत परत आला. कपडे ओले होते, पण त्यांना धुराचा वास होता.

"वयनी," तो ओट्याखालूनच म्हणाला, "नीट झालं. काय मागं ऱ्हायलं नाय."

तो गेल्यावर राही रिकाम्या घरात उभी राहिली. नवरा गेल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली.

"ऐकलंत? तुमच्या आईचं नीट झालं हो."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी अंगणात उपडा पडलो होतो आणि पाऊस माझ्यावर वाजत होता.

आता माझ्या बुडाला गंजून भोक पडलंय. राही मला मोडीत घालत नाही आणि वापरतही नाही. गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवलंय. ती देवापुढे हात जोडते का, इथून दिसत नाही. पण परवा पलीकडच्या वाडीची माणसं आली होती. त्यांचं मसण अजून उघड्यावरच आहे म्हणे.

कुणी तिकडे जाणार असाल तर मलाही न्या. वाटेत थोडी माती सांडेल, तेवढं चालवून घ्या.